हनुवटी ते केसांची रेष

गुणवंतकाकांना नमस्कार केला, तर ते तुमच्या डोळ्यांकडे पाहत नाहीत. आधी ते तुमच्या कपाळावरची केसांची रेष पाहतात, मग हनुवटी पाहतात, मधलं अंतर मनातल्या मनात मोजतात आणि मगच म्हणतात, "नमस्कार." तेवढ्या वेळात नवखा माणूस तोंडाला काही लागलंय की काय म्हणून दोनदा रुमाल फिरवतो. मीही फिरवला होता.

काकांचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाचं तोंड त्याच्याच हाताएवढं असतं. तळव्याची मनगटाकडची बाजू हनुवटीला टेकवायची, की मधल्या बोटाचं टोक बरोबर केसांच्या रेषेला लागतं. हे ते नुसतं सांगत नाहीत, करून घेतात. एकदा अमरावतीत, त्यांच्या केंद्रासमोरच्या टपरीवर, त्यांनी चहावाल्याला, एका ऑटोवाल्याला, पेशंटच्या दोन नातेवाइकांना आणि मला एका रांगेत उभं करून तोंडावर हात ठेवायला लावले. आम्ही पाचही जण तसेच उभे. रस्त्यावरून एक गृहस्थ स्कूटरवर चालले होते. त्यांनी गाडी बंद केली, डोक्यावरची टोपी काढली आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "कोन गेलं?"

काकांनी त्यांनाही रांगेत उभं केलं.

काका अमरावतीतल्या एका ट्रस्टच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात कारागीर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ते रोज सकाळी नऊला येतात आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसतात. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस उभ्यानं काम करतो. मी तिथे एनएसएसमुळे जाऊ लागले. कॉलेजनं आम्हाला समाजसेवेचे तास भरायला पाठवलं होतं. माझं अक्षर बरं म्हणून मला पेशंटची नावं आणि मापं रजिस्टरमध्ये उतरवायचं काम मिळालं. मी फार बोलत नसे. काकांना ते आवडलं असावं, कारण त्यांना फार बोलायचं असे.

त्यांच्या वेडाचं मूळ एका पुस्तकात आहे. तरुणपणी रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड जुनं पुस्तक सापडलं. त्यात देवादिकांच्या मूर्तींची चित्रं होती आणि प्रत्येक चित्रावर डोक्यापासून तळव्यापर्यंत आडव्या रेघा मारलेल्या होत्या. पुस्तकाची सुरुवातीची पानं नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे काकांना आजही ठाऊक नाही. शेवटची पानंही नव्हती. मूर्तीचं माप वरून खाली येत येत घोट्यापाशी थांबत होतं. "पावलाच्या पानात कोनीतरी भजे बांधून नेले असतीन," काका म्हणतात. "मंग म्हटलं, पावलाचं आपनच पाहू."

पूर्वीचे मूर्तिकार फूटपट्टी वापरत नसत, हे मला काकांकडून कळलं. तोंड हेच त्यांचं माप. एका तोंडाचा एक ताल आणि एका तालाची बारा अंगुलं. मान चार अंगुलं, गळ्यापासून छाती एक ताल, छातीपासून बेंबी एक ताल, बेंबीपासून जांघ एक ताल, असं खाली येत मांडी दोन ताल, गुडघा चार अंगुलं, नडगी पुन्हा दोन ताल, पाऊल चार अंगुलं. बेरीज नऊ ताल. माणूस घडवायचा तर असा, नऊ तोंडांचा. मोठे देव दहा तालांचे. गणपती पाच तालांचा, म्हणून तो आपल्याला लेकरासारखा वाटतो. "आन् मोजाचं ज्याच्या त्याच्या बोटानं," काका सांगत. "हत्तीले हत्तीचं बोट, मुंगीले मुंगीचं."

एवढं कळल्यावर माणूस गप्प बसेल. काका बसत नाहीत. ते सगळ्या अमरावतीला मोजत फिरतात. केंद्राचे क्लार्क पावणेआठ, बँकेतल्या बाई साडेआठ, चौकातल्या नवीन पुतळ्याचा डावा हात उजव्याहून तीन अंगुलं मोठा. वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांची नुसती तोंडंच दिसली की ते थांबतात. "एवढं मोठं तोंड हाये, तं खाली आंग किती लागन? मालटेकडीएवढं. ते कुठी ठेवलं यानं?"

या मोजणीपायी त्यांनी नातीही गमावली आहेत. पुतण्यासाठी मुलगी पाहायला सगळे अकोल्याला गेले होते. पोहे झाले, मुलगी आली, गेली. मुलीच्या वडिलांनी मान राखून काकांना विचारलं, तुमचं काय मत? काका म्हणाले, "पोरगी नवताल हाये. आमचा पोरगा साडेसात. तुमी इचार करा." मुलीकडच्यांनी खरंच विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. भाऊ तीन वर्षं बोलला नाही. पुढे पुतण्याचं लग्न भातकुलीकडे जमलं तेव्हा काकांना आमंत्रण आलं, पण खुर्ची अशा ठिकाणी दिली, की तिथून फक्त नवरदेवाची पाठ दिसावी. काका ते सांगताना चिडत नाहीत. "पाठीवरूनही सांगता येते," एवढंच म्हणतात.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुमी किती तालाचे?"

"मले काय मालूम?"

"एवढ्यांचं सांगता, स्वतःचं मोजलं नाही?"

"अवं पोरी, आपला हात आपल्या तोंडावर ठेवला की डोये झाकतात. बोट कुठी लागलं ते पाहीन कोन?"

आम्ही सगळे हसलो. काका एकटे राहतात, काकू जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो, हे मला माहीत होतं. तरी मी हसले.

खरं तर काकांच्या या मोजमापाचा केंद्राला उपयोग होता. ज्याचा एक पाय गेला त्याचं काम सोपं. उरलेला पाय माप सांगतो. दोन्ही गेले की पंचाईत. मग त्या माणसालाच विचारावं लागतं, तू केवढा होतास? "आन् मानूस खोटं बोलते," काका सांगत. "आजपावतर एकही खरा बोलला नाई. सगळेच्या सगळे पोलीस भरतीत पास होतीन एवढे उंच होते म्हनतात." म्हणून अशा पेशंटचं काका तोंड मोजत. त्याला बारानं भागायचं, एक अंगुल काढायचं आणि त्यावरून नडगी आणि पाऊल ठरवायचं. असे पाच-सहा पेशंट त्यांनी उभे केले होते. सगळे तरुण, डोक्यावर दाट केस असलेले. "तोंड खोटं बोलत नाई," हे काकांचं आवडतं वाक्य होतं.

मी दोन महिने तिथे जात होते आणि एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. माझे बाबा दर्यापूरला घरी बसून होते. दोन वर्षांपूर्वी स्टँडवर उभे असताना मागे येणाऱ्या जीपखाली त्यांचे दोन्ही पाय सापडले. मी दुसऱ्यांच्या बापांची मापं सुंदर अक्षरात लिहायची आणि संध्याकाळी होस्टेलवर जायची. का सांगत नव्हते? एक तर बाबांनीच सगळ्यांना बजावलं होतं, की मला कुठे नेऊ नका. दुसरं म्हणजे, मला सांगता येत नव्हतं.

एका शनिवारी काका सगळ्यांच्या घरच्यांचे ताल विचारत होते. माझी आई किती असेल, भाऊ किती. मग म्हणाले, "आन् बाप?"

मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणून गेले, "आता पावणेसात असतील."

काकांच्या हातातली कानस थांबली. नवातून सव्वादोन गेले, म्हणजे किती आणि कुठून गेले, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

"दोनी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"गुडघे हायेत?"

"हायेत."

"मंग रडतं कावून? गुडघे हायेत म्हटल्यावर आर्धं काम देवानं ठेवलं." आणि त्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन त्यात स्वतःच्या वाकड्या अक्षरात बाबांचं नाव लिहून घेतलं.

बाबांचं केशकर्तनालय म्हणजे दर्यापूरच्या स्टँडजवळची एक टपरी. एक खुर्ची, एक आरसा. अपघातानंतर ते एकदा स्टुलावर बसून काम करायला गेले होते. आरशात गिऱ्हाईक दिसत होतं, त्याच्या मागे बाबा दिसत नव्हते. अर्धी कटिंग तशीच सोडून ते घरी आले आणि वस्तरा पेटीत ठेवून दिला. माझा भाऊ म्हणाला, आरसा खाली घेऊ. बाबा म्हणाले, आरशाले हात लावशीन तं पाह्य. त्यांच्या सगळ्या पँटी तोवर आईनं गुडघ्याशी कापून, दुमडून शिवल्या होत्या.

काका स्वतः दर्यापूरला आले. बाबांनी आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "उभं करसान तं माह्याच उंचीचं करा जी. त्या आरशात म्या मलेच दिसलो पायजे. नाई तं नोको."

"किती होती उंची?" काकांनी विचारलं.

बाबांनी सांगितली. आई आतून म्हणाली, येवढे नव्हते. भाऊ म्हणाला, याहून जास्त होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाहा, म्हटलं नव्हतं मी, अशा नजरेनं.

मग त्यांनी बाबांचं तोंड मोजलं. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. नंतर रीतीप्रमाणे हात ठेवायला लावला. बाबांचं मधलं बोट केसांपर्यंत पोचेना. चांगलं दीड-दोन बोटं खाली राहिलं. काका विचारात पडले. पुन्हा ठेवायला लावला, पुन्हा तेच. शेवटी म्हणाले, "वीस-पंचवीस वर्सं वस्तरा धरला, हात आखडला असन. तोंड खरं मानू."

साचे घेतले, पाय झाले. महिनाभर बाबा केंद्रात दांड्यांना धरून चालायला शिकले. आई एकदा भेटायला आली, दारात उभी राहून पाहत राहिली आणि मला म्हणाली, हे उंच वाटून राहिले. काकांनी ऐकलं. "दोन वर्सं बसलेला मानूस उभा झाला की उंचच वाटते, बाई."

मग तो दिवस आला. टपरी उघडली, आरसा पुसला. काका नवा शर्ट घालून आले होते. बाबा काठी टेकत आत गेले, खुर्चीच्या मागे नेहमीच्या जागी उभे राहिले आणि आरशात पाहू लागले.

आरशात शर्टाची कॉलर दिसत होती. त्यावर गळा, हनुवटी आणि अर्ध्या मिशा. त्यावर लाकडी चौकट.

बाबा थोडे वाकले. वाकल्याबरोबर तोल गेला, भावानं धरलं. वाकून दाढी करणारा माणूस दिवसभर उभा कसा राहणार? बाबा चार बोटं जास्त उंच झाले होते. मी काकांकडे पाहिलं. काकांचं तोंड इतकं उतरलं होतं, की ते मोजलं असतं तर बारा अंगुलांत बसलं नसतं.

"शास्त्र चुकत नाई," ते पुटपुटले. "तोंड चुकत नाई."

बाबा हळूहळू खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता ते म्हणतील, काढा हे पाय. पण ते आरशात काकांच्या कपाळाकडे पाहत होते.

"काका, तुमी केसाची रेष कुठी धरली?"

काकांनी बाबांच्या डोक्यावर बोट ठेवलं. बाबा हसले. दोन वर्षांनी हसले.

"ते तं आत्ताची. दहा वर्सांआंधी ते अथी होती." बाबांनी भुवया वर उचलल्या. कपाळावर आठ्या पडल्या. सगळ्यांत वरच्या आठीवर त्यांनी बोट टेकवलं. "केस मांगं सरकतात जी. आठी सरकत नाई. कपाय इथंच संपते. म्या हजार डोसके पाह्यले."

काकांनी बाबांचा हात धरला आणि त्यांच्याच तोंडावर ठेवला. मधलं बोट बरोबर त्या वरच्या आठीला लागलं.

काकांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाले, "चाळीस वर्सं झाले. मूर्तीले टक्कल नसते ना बावा."

ते पाय थैलीत घालून अमरावतीला परत गेले. पंधरा दिवस केंद्रात ते कुणाचंही तोंड मोजत नव्हते. चहावाला मला म्हणाला, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही काय? मला भीती वाटत होती. एकीकडे बाबा पुन्हा पेटी बंद करून बसतील याची, आणि दुसरीकडे काका मोजणं कायमचं सोडतील याची. मी काकांना काही सांगावं असं रोज ठरवायची आणि रजिस्टर लिहून निघून यायची.

मग एके दिवशी काका दर्यापूरच्या गाडीतून उतरले. थैलीतून दोन बूट बाहेर डोकावत होते. कंडक्टरनं म्हणे विचारलं होतं, या दोन पायांचं तिकीट फुल काढू का हाफ?

बाबा खुर्चीमागे उभे राहिले. आरशात केसांपासून हनुवटीपर्यंत त्यांचं सगळं तोंड होतं. वर थोडी जागा, खाली थोडी जागा. पूर्वी होतं तसंच. आई दारात होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि घरी चहा करायला गेली. बाबांनी पुसलेला आरसा पुन्हा एकदा पुसला. मग कापड झटकलं आणि खुर्चीवर थाप मारली.

"बसा, काका."

"नोको. म्या घरीच करतो. एकट्याचं काय हाये."

"बसा म्हनतो ना."

काका बसले. बाबांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस केला, दोन बोटांनी हनुवटी वर उचलली. काका ताठ बसले होते. "मान ढिल्ली सोडा जी," बाबा म्हणाले. "सोडून तं राहिलो," काका म्हणाले. पण मान सुटत नव्हती. उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडावर हात ठेवणारा तो माणूस, आपल्या तोंडावर कुणाचा हात आला की काय करायचं हे विसरला होता. बाबांनी घाई केली नाही. एका गालावर वस्तरा फिरला, मग दुसऱ्या. तेव्हा कुठे काकांचे खांदे खाली आले.

दाढी झाली. बाबांनी तुरटी फिरवली, तोंड पुसलं. काका उठू लागले, तर बाबांनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं.

"काका, भुवया वर करा."

काकांनी केल्या. बाबांनी त्यांच्या कपाळावर, सगळ्यांत वरच्या आठीवर, आपलं बोट टेकवलं.

"आता ठेवा हात. म्या पाहून राहिलो."

काकांनी आरशात बाबांकडे पाहिलं. मग तळवा हनुवटीला लावला आणि पंजा तोंडावर ठेवला. डोळे झाकले गेले. त्यांचं मधलं बोट वर सरकत जाऊन बाबांच्या बोटाला टेकलं.

"लागलं?" हाताखालून आवाज आला.

"लागलं. बरोबर."

"नीट पाह्य."

"नीटच पाहून राहिलो."

काकांनी हात काढला नाही. बाबांनीही बोट उचललं नाही. दारातून एका गिऱ्हाईकानं डोकावून विचारलं, नंबर लागेल का? बाबांनी दुसऱ्या हातानं त्याला थांबायची खूण केली. माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही, हे आता मलाही कळत होतं. हाताखाली काकांचा श्वास जोरात चालला होता, मग हळूहळू तो संथ झाला.

तेवढा सगळा वेळ बाबा उभे होते.